‘आमच्यानंतर तिचं कसं व्हायचं?’ याचं उत्तर न्हाणीघरापासून सुरू होतं

बार्शी तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे: “माझी मुलगी ९ वर्षांची, तिसरीत शिकते. जन्मतःच डावा हात खांद्यापासून नाही. उजवा कोपराच्या वरच संपतो, जेमतेम वीतभर आहे. बाकी तब्येत चांगली, डोकं हुशार. पायाने लिहिते, पायाने सुंदर चित्रं काढते. पण आंघोळ, संडास, कपडे, जेवण सगळं तिची आई करते. माझी आई म्हणते, मुलगी मोठी होत चालली, आता चारचौघांत पायाने खाणं बरं दिसत नाही. एका ठिकाणी इलेक्ट्रॉनिक हातांचे दहा-बारा लाख सांगितले. तुकडा विकून बसवावेत का? आणि आमच्यानंतर तिचं कसं व्हायचं?”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी. या कामाला ३१ वर्षं झाली. जन्मतः हात नसलेली, आखूड हातांची, सांधे आखडलेली, पाठीच्या कण्याला गाठ घेऊन आलेली शेकडो मुलं पाहिली आणि त्यातली काही आता चाळिशीला टेकली आहेत. म्हणून ‘पुढे काय होतं’ हे मी पुस्तकातून नाही, त्यांच्याकडे बघून सांगते आहे.

तुमचा शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे, तो आधी घेते. तुमच्यानंतर तिचं कसं, हे येत्या तीन-चार वर्षांत ती एकटी संडासला जाऊन, स्वच्छ होऊन, कपडे नीट करून बाहेर येऊ शकते की नाही यावर फार मोठ्या प्रमाणात ठरणार आहे. शाळेची सहल, बोर्डाचं केंद्र, तालुक्याचं कॉलेज, पुण्यातलं होस्टेल, नोकरीतले आठ तास, सासर किंवा स्वतःचं बिऱ्हाड, प्रत्येक ठिकाणी दारातच हा प्रश्न उभा असतो. माझ्याकडे एक मुलगी यायची. बारावीला उत्तम गुण, शहरातल्या कॉलेजात प्रवेशही मिळाला. आईला घर सोडून तिच्यासोबत राहता येईना आणि होस्टेलमध्ये तिला धुवायचं कोणी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मुलगी परत गावी गेली. त्यानंतर मी नव्या पालकांशी बोलताना अभ्यास, चित्रकला, बक्षिसं बाजूला ठेवून आधी न्हाणीघराबद्दल विचारू लागले.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या बायकोच्या मनात नक्की असेल. ग्रहणात भाजी चिरली, सुई हातात धरली, काही उष्ण खाल्लं, म्हणून असं झालं का? नाही. गर्भाचे हातपाय साधारण चौथ्या आठवड्यात कोंबासारखे फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्यांना आकार येतो. त्या दिवसांत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाच्या गोळीमुळे जगभर हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली, ते एक सिद्ध झालेलं कारण. बहुतेक मुलांच्या बाबतीत मात्र नेमकं कारण सापडतच नाही. हे तिच्या आईला तुम्ही, नवऱ्याने, स्पष्ट शब्दांत सांगा. ज्या आईच्या मनात अपराधाची बोच असते, ती लेकीचं काम स्वतःच्या हातून सुटू देत नाही. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीतच विचारते.

वैद्यकीय बाजूने एवढंच: हाताच्या जन्मजात कमतरतेबरोबर काही मुलांत हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं, काहींत रक्तातल्या प्लेटलेट्स कमी असतात, कधी मूत्रपिंडात दोष असतो. तिच्या हृदयाचा एको, रक्ताची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी कधीच झाली नसेल, तर एकदा करून घ्या. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय सल्लाही घ्या. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. शाळेत येणाऱ्या पथकाला सांगितलं तर ते तुम्हाला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतील.

आता न्हाणीघर.

पहिलं काम कपड्यांचं. नाडी, हूक, चेन, बटणं सगळं बंद. कमरेला सैलसर इलॅस्टिक असलेल्या पँट शिवून घ्या. शिंप्याला सांगून आतल्या बाजूने, दोन्ही कुशींवर, दोन बोटं आत जातील एवढे पट्टीचे फास लावा. मग भिंतीत दोन खुंट्या ठोका. टोकाला गोल असलेल्या, लाकडी किंवा प्लास्टिकच्या, अणकुचीदार नकोत. एक तिच्या कमरेच्या किंचित खाली, दुसरी मांडीच्या मध्यावर. पँट उतरवताना ती गुडघे जरा वाकवून वरच्या खुंटीत फास अडकवते, मग ताठ होते आणि टाचा उंचावते. खुंटी जागची हलत नाही, ती वर जाते, म्हणून पँट खाली येते. एक कूस, मग दुसरी. खाली घोळ झाला की पायाने काढते. चढवताना पाय घालून पँट गुडघ्यापर्यंत आणायची, फास खालच्या खुंटीत अडकवायचा आणि हळूहळू खाली बसायचं. शरीर खाली जातं, पँट कमरेवर चढते. वाचताना अवघड वाटेल. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागतील आणि पँट वाकडीच बसेल. माझ्याकडच्या एका मुलीला हे दोन महिन्यांत जमलं, दुसरीला सव्वा वर्ष लागलं. दोघीही आज स्वतः करतात.

दुसरं काम धुण्याचं. ज्यांचे पाय लवचिक असतात ती काही मुलं टाचेने किंवा तळव्याने स्वतःला धुवायला शिकतात. पण खात्रीचा मार्ग म्हणजे कमोडच्या आत बसवलेला जेट, म्हणजे पाण्याची धार सोडणारी नळी, ज्याची तोटी बाजूला असते. ती तोटी पायाने फिरवता येईल अशी खाली घ्यायला प्लंबरला सांगा. लांब दांड्याची, धक्क्याने उघडणारी. तुमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल तर घरात कमोडचा हा एक खर्च जरूर करा. पाणी वापरून झालं की कोरडं करायला स्टुलावर जाड टॉवेल ताणून बांधायचा आणि त्यावर बसून सरकायचं. टॉवेल रोज धुवायचा. आंघोळीचंही हेच तत्त्व आहे: हात वस्तूपर्यंत जात नसेल तर वस्तू भिंतीत पक्की करायची आणि अंग तिच्यापाशी न्यायचं. काथ्याचा किंवा नायलॉनचा घासणा भिंतीला दोन उंचींवर बसवा, त्याला साबण लावायचा, पाठ-पोट त्यावर घासायचं. नळ गुडघ्याने चालेल असा. बाहेर आल्यावर टॉवेलच्याच कापडाचा, डोक्यातून घालायचा सैल झगा. घातला की निम्मं अंग आपोआप पुसलं जातं.

फरशीवर मात्र लक्ष ठेवा. हात नसलेलं मूल घसरलं की स्वतःला सावरायला काही टेकू शकत नाही, हनुवटी आणि पुढचे दात थेट जमिनीवर. खरखरीत फरशी किंवा रबरी जाळी हवीच. आणि पडायचं कसं हेही शिकवावं लागतं: हनुवटी छातीला लावून, कुशीवर, खांद्याने. आम्ही ते गादीवर शिकवतो.

सगळ्यात कठीण काम तुमच्या वाट्याचं आहे, ते म्हणजे दाराबाहेर उभं राहणं. आत मूल धडपडतंय, चिडतंय, कधी रडतंय, शाळेची गाडी आली आहे आणि तुम्ही आत जायचं नाही. आईला हे जमत नसेल तर वडिलांनी तिला तेवढा वेळ शेताकडे न्यावं. शाळेच्या दिवशी सराव करू नका. घाई असली की आई करून टाकते आणि मुलीला समजतं की आपलं करणं म्हणजे खोळंबा. सुटीच्या दिवशी, भरपूर वेळ हाताशी ठेवून, एका वेळी एकच पायरी. आणि शेवटची पायरी आधी शिकवा. म्हणजे तुम्ही पँट गुडघ्याच्या वर आणून द्या, कमरेवर तिने चढवावी. काम पुरं केल्याचं समाधान तिच्या वाट्याला आलं की पुढच्या वेळी तीच म्हणेल, जरा खालूनच द्या.

ती ९ वर्षांची आहे, म्हणून पाळीचंही आताच बोलायला हवं. दोन-तीन वर्षांत ती वेळ येईल. पॅड आदल्या रात्रीच निकरला चिकटवून तीन-चार तयार ठेवता येतात, शोषून घेणाऱ्या निकर मिळतात, आणि पँटची सवय झालेली असेल तर हे अवघड जात नाही. दर वर्षी कोणी ना कोणी पालक दबक्या आवाजात विचारतात, गर्भपिशवी काढून टाकली तर? कृपा करून हा विचार मनात आणू नका. ती धडधाकट बुद्धीची मुलगी आहे, शरीर तिचं आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या १० व्या कलमाने तिच्या मुक्त संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करायला मनाई आहे. आणि ज्या मुलीला रोज कोणीतरी धुतं, तिला ‘हा हात नको’ म्हणायचा हक्क कळत नाही, हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. आजपासून घरात नियम करा: तिला मदत करणाऱ्या दोनच व्यक्ती, त्या कोण हे तिने सांगायचं, आणि त्यांनीही हात लावण्याआधी विचारायचं. रोज विचारलं गेलं तरच न विचारता लावलेला हात तिला खटकेल.

आता आजींचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण पटकन हात लावून कपाळाला लावतो. अन्नाला, धान्याच्या पोत्याला, केरसुणीलाही पाय लावू नये म्हणतात. त्या वळणात साठ-सत्तर वर्षं घालवलेल्या बाईला नातीचा पाय ताटात दिसतो तेव्हा तिला खरंच त्रास होतो. मिरजेकडच्या एका घरातली आजी अशीच होती. नात पाटीवर पायाने अक्षर काढायला लागली तर ‘सरस्वतीला पाय लावते’ म्हणून ती उठून जायची. मी त्यांना समजावलं वगैरे काही नाही. फक्त सांगितलं की हिचे पाय दिवसातून पाच वेळा, जेवणाआधी तर नक्की, साबणाने धुवायला हवेत, नखं दर आठवड्याला कापायला हवीत, टाचांना तेल हवं, आणि हे काम मला तुमच्याकडे द्यायचं आहे. सहा महिन्यांनी त्या घरी गेले. ताटं घेतली होती. आजी नातीसमोर तपेलं घेऊन बसल्या होत्या आणि विचारत होत्या, “हात धुतलेस का गं?” नातीने दोन्ही पाय पुढे केले. घरात कोणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही. पुढे त्या मुलीच्या पायाला त्या घरात हातच म्हणत. चालायचे ते पाय, जेवायचे ते हात, एवढाच फरक.

जेवणाची सोय साधी आहे. ताट पाटावर नको, तिच्या पोटरीच्या उंचीच्या चौरंगावर ठेवा, खाली ओलं फडकं म्हणजे ताट सरकत नाही. चमच्याचा दांडा कापड गुंडाळून जाड करा. भाकरी आधी कुस्करून, भाजी वाटीत. उजव्या वीतभर हातालाही काम द्या. त्याला बसेल असा वेल्क्रोचा पट्टा शिवून त्यात चमचा किंवा ब्रश खोचता येतो, आणि हनुवटी व खांदा यांच्यात वस्तू धरायला तर मुलं आपसूक शिकतात. चारचौघांत, लग्नाच्या पंगतीत, ती पायाने जेवू लागली की लोक बघणार. तुम्ही तिच्या शेजारी बसून निवांत जेवा. आई-बाप अवघडले नाहीत तर पाहुणे पाच मिनिटांत आपल्या ताटाकडे वळतात.

हातांचे दहा-बारा लाख. माझं स्पष्ट मत आहे: तुकडा विकू नका. निदान आता तरी नाही.

यामागचं कारण समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक हात उरलेल्या स्नायूंतले सूक्ष्म विद्युतसंकेत पकडून चालतो. डाव्या बाजूला तर हाताचे स्नायूच नाहीत. तिथे सगळं वजन खांद्याला पट्ट्यांनी बांधायचं, कोपर वेगळं चालवायचं, पंजा वेगळा. उजवा भाग आखूड, त्यात मूल वाढतं आहे, म्हणजे खोबणी पुन्हा पुन्हा बदलायची. वजन, घाम, बिघाड, दुरुस्तीसाठी शहरात खेपा. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट: त्या हाताला स्पर्श कळत नाही. तिच्या पायाला पेन्सिल गुळगुळीत आहे की खरखरीत, दूध कोमट आहे की कडक, हे कळतं. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी जन्मतः हात नसलेल्या, पायाने चित्रं काढणाऱ्या दोन चित्रकारांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एरवी आपल्या मेंदूत हाताच्या प्रत्येक बोटाची स्वतंत्र जागा असते, पायाच्या बोटांची अशी वेगळी नोंद सहसा दिसत नाही. त्या दोघांत पायाच्या बोटांनी आपापल्या स्वतंत्र जागा मांडल्या होत्या, हाताच्या बोटांसारख्या. तुमची लेक रोज चित्र काढते आहे म्हणजे तिचा मेंदू हेच करतो आहे. ज्या हातांची तिला कधी सवयच नव्हती, ते बसवून आपण तिला तिच्या चांगल्या हातांपासून, म्हणजे पायांपासून, तोडायला नको. मी अशी पुष्कळ घरं पाहिली आहेत जिथे महागडा हात कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, आहे.

म्हणजे कृत्रिम हात वाईट, असं मी म्हणत नाही. कोपराखाली हात असलेल्या मुलांना ते उपयोगी पडतात, आणि एखाद्या ठराविक कामापुरतं साधं यंत्र पुष्कळांना आवडतं. निवाडा एकाच दुकानात करू नका. मुंबईत हाजीअलीला ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे दाखवा, तिलाही घेऊन बसा आणि तिलाच विचारू द्या. चौदा-पंधराव्या वर्षी ती म्हणाली की मला हात हवेत, अगदी फोटोत बरं दिसावं एवढ्यासाठी हवेत, तरी ते कारण पुरेसं आहे. तेव्हा बघू.

शीतल देवीचं नाव तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाडची ही तिरंदाज मुलगीही जन्मतः हातांशिवाय. उजव्या पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते, जबड्याने बाण सोडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, १७ व्या वर्षी, राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक. तुमच्या लेकीला तिचे व्हिडिओ जरूर दाखवा, पण एका कारणासाठी: पाय, कंबर, खांदा, जबडा हे सगळं मिळून एक हात कसा होतो ते पाहायला. ‘बघ, ती करते, तूही कर’ हे वाक्य मात्र नको. हातांची मुलं सामान्य गुण मिळवतात, साध्या नोकऱ्या करतात आणि कोणी त्यांना जाब विचारत नाही. तिलाही साधं राहायची मुभा हवी.

शरीर सांभाळायचं थोडक्यात सांगते, पण हे जपून ठेवा. पायाने जगणाऱ्या माणसाचं भांडवल म्हणजे लवचिक कंबर, खुबे आणि सरळ पाठ. रोज वीस मिनिटं मांडीचे मागचे स्नायू ताणायचे व्यायाम, आयुष्यभर. पाठीला बाक येतो का, हे वाढीच्या वयात दर सहा महिन्यांनी तपासायचं. एक हात अर्धा आणि एक नाही, म्हणून तिच्यात ती शक्यता जास्त. वजन वाढू देऊ नका. पोट सुटलं की पाय तोंडापर्यंत पोहोचत नाही आणि मिळवलेलं सगळं एका वर्षात जातं. पंचवीस-तिशीत अशी स्वावलंबन गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. दात हे तिचं तिसरं अवजार, म्हणून बाटलीची झाकणं दातांनी उघडायची नाहीत आणि वर्षातून एकदा दंतवैद्य. अंगाची त्वचा कमी असल्याने उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, घाम जास्त येतो. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात पाणी आणि सुती कपडे यांत हयगय नको. बूट बंद नकोत, पायातून सरकन निघणारी चप्पल हवी, आणि शाळेत तशी परवानगी मागून घ्या. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: रक्तदाब मांडीवर मोजावा, रक्त पायातून घ्यावं. तातडीच्या वेळी नवखा डॉक्टर गोंधळतो.

शाळा गावचीच, नेहमीचीच. बाकाऐवजी सतरंजी किंवा बुटका मंच, जिथे वही पायाशी येईल. ती एकटीच जमिनीवर आणि बाकीची वर, असं नको. दोन-तीन मुलांना आळीपाळीने तिच्यासोबत बसवायला गुरुजींना सांगा. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिकही मिळतो. ती स्वतः पायाने लिहीत असेल तर लेखनिक घेऊ नका, वेळ घ्या. मोबाईल आणि लॅपटॉप पायाच्या अंगठ्याने उत्तम चालतात, मराठी बोलून टाइप होतं. आठवीपर्यंत हे हातात, म्हणजे पायात, बसलेलं असावं.

कागदपत्रांत आळस नको. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर याच महिन्यात काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. बोटांचे ठसे नाहीत म्हणून आधार अडवलं जात असेल तर डोळ्यांच्या बुबुळावरून नोंदणी करता येते. केरळमधल्या एका महिलेच्या तक्रारीनंतर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने हे पुन्हा बजावलं आहे. बँकेत ती पायाने सही करेल, ती सहीच आहे. अगदी पायाच्या अंगठ्याचा ठसाही साक्षीदारांसमोर चालतो, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच ते आहे. आणि कोणी ‘हिला डॉक्टर-बिक्टर होता येणार नाही, हात लागतात’ म्हणालं तर सांगा की ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही वैद्यकीय प्रवेशाची अट राज्यघटनेच्या आणि या कायद्याच्या विरोधात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे. ती डॉक्टर होईलच असं नाही. पण दार बंद आहे, असं तिच्या कानावर नवव्या वर्षी पडू नये.

आता राहिलं ते ‘आमच्यानंतर’. एवढं सगळं शिकूनही काही कामं उरतील. केस विंचरणं, साडी नेसणं, आजारपण, गर्दीची बस. सगळं एकटीने करता आलं तरच ती स्वतंत्र, असं मोजमाप लावू नका, तसं कोणीच जगत नाही. माझ्या ओळखीची एक बाई आज ३४ वर्षांची आहे, दोन्ही हात नाहीत, बँकेत नोकरी करते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. सकाळी दीड तास एक मावशी येतात. एकदा मी तिथे होते. मावशी नवीन होत्या, वेणी घालताना घाबरत होत्या. ही आरशात बघत सांगत होती, “मावशी, डावीकडून सुरू करा. घट्ट नको. तिथे दुखतं. हां, आता रबर.” आवाजात ना विनवणी ना हुकूम. पगार ती देते, सुटी ती ठरवते, न पटल्यास बदलतेही तीच. हे तिला आईने शिकवलं होतं, आठव्या-नवव्या वर्षापासून. मदत करायची, पण ती सांगेल तशी आणि ती सांगेपर्यंत थांबायचं.

तुम्हीही आज रात्रीच्या जेवणापासून करून बघा. भरवावं लागलं तर ती बोलत असताना घास तोंडात कोंबू नका. विचारा, “आता भाकरी की भात?” तिने सांगितल्यावरच घास उचला. कपाटातला फ्रॉक तिने निवडावा. पाहुणे ‘हिचं नाव काय?’ असं तुम्हाला विचारतील, तुम्ही गप्प राहा.

तिला भाऊ असेल, तर त्याच्याकडून ‘मी आयुष्यभर ताईला सांभाळीन’ असं वचन घेऊ नका. त्याचं प्रेम त्या ओझ्याखाली आटतं आणि तिला कायम उपकारात राहावं लागतं. त्याऐवजी जमिनीचा तिचा वाटा कागदावर आणा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पण गावात पुढे बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. मृत्युपत्र करा, नोंदवा. तिच्या नावाचं खातं उघडा आणि स्लिप तिलाच भरायला लावा. १८ वर्षांची झाल्यावर केवळ शारीरिक अपंगत्व आहे म्हणून तिला पालक नेमावा लागत नाही. कोणी एजंट तसं सांगून कागद पुढे केला तर सही करू नका. जो तुकडा तुम्ही हातांसाठी विकायला निघाला होता, त्याच्या सातबाऱ्यावर पुढे तिचं नाव लागलेलं मला पाहायचं आहे.

येत्या रविवारी एवढंच करा. ती उभी असताना कमरेची आणि मांडीच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजा. सुताराकडून दोन गोल खुंट्या आणा आणि ठोकण्याआधी भिंतीवर खडूने खूण करून तिला विचारा, इथे ठीक आहे का? मुलं दर वर्षी वाढतात, तेव्हा वरखाली करता येतील अशा पट्टीवर बसवा. जुनी, फाटली तरी चालेल अशी एक पँट घ्या. सकाळी पाहुणे, बाजार, देवदर्शन काही ठेवू नका. आईला दोन तास माहेरी किंवा शेजारी पाठवा. आणि तुम्ही दाराबाहेर स्टूल टाकून बसा. हाक मारली तर ‘मी इथेच आहे’ म्हणा. आत मात्र तिने ‘या’ म्हटल्याशिवाय जाऊ नका.